रक्त थांबलं, तरी जखम का भरेना?

बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय चौतीस, घर शेतकऱ्याचं, एकत्र कुटुंब. त्यांच्या सासऱ्यांच्या (पत्रात त्या 'मामा' म्हणतात, मीही तेच म्हणतो) हृदयात दोन वर्षांपूर्वी योजनेतून स्प्रिंग बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू. शुगर त्याच्याही आधीपासूनची. तीन आठवड्यांपूर्वी ज्वारी काढताना विळा सटकला आणि डाव्या नडगीला, घोट्याच्या चार बोटं वर, लागला. रक्त थांबेना, तेव्हा बांधावरच कुणीतरी मळलेला तंबाखू-चुना दाबला. घरी आल्यावर वरून हळद भरली. रात्री मेडिकलवर 'रक्त गोठायची गोळी' मिळाली. रक्त थांबलं, पण जखम भरली नाही. वर काळी टणक खपली आहे, कड पांढरट पडली आहे, दाबलं की पिवळं पाणी येतं.

घरात दोन मतं आहेत. दीर म्हणतात, "रक्त पातळ हाय म्हून जखम भरंना, त्या पातळ करायच्या गोळ्या बंद करा." ताईंचे मालक म्हणतात, हृदयाच्या गोळ्या सोडायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय, त्या चालू ठेवू आणि जोडीला गोठायची गोळीही चालू ठेवू, म्हणजे बरोबरी होईल. हा वाद चालू असतानाच देवघर झाडताना ताईंना फोटोमागे कागदाच्या पुडीत हृदयाच्या गोळ्या सापडल्या. मामा रोज पाकिटातून गोळी काढतात, तोंडात टाकल्यासारखं करतात आणि पुडीत ठेवून देतात. जखम झाल्यापासून एकही घेतलेली नाही. गोठायची गोळी मात्र दिवसातून तीनदा न चुकता घेतात. "पोरांना सांगू नको, घरात तमाशा व्हईल," असा शब्द मामांनी ताईंकडून घेतलाय. ताई विचारतात: दोघा भावांपैकी कुणाचं खरं? जखम दुखत नाही, म्हणजे आतून भरत असेल ना? आणि मामांना दिलेला शब्द मोडू का?

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन उद्यापर्यंत थांबू शकतात, हा नाही. शब्द मोडा, आणि आजच मोडा. मामांच्या हृदयातली स्प्रिंग म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळी. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्या दोन गोळ्या दिलेल्या असतात. दोन वर्षांनी हा धोका सुरुवातीच्या महिन्यांइतका राहत नाही हे खरं, पण तो संपतही नाही. तुमचे मालक समजतात की घरात दोन्ही गोळ्या चालू आहेत आणि एकीनं दुसरीचा हिशोब फिटतोय. प्रत्यक्षात मामांच्या पोटात फक्त गुठळी टिकवणारी गोळी जातेय. ही गोष्ट तुमच्याशिवाय घरात कुणालाच माहीत नाही, म्हणून तुम्ही बोललात तरच काही होईल.

आज करायचं ते एवढंच. गोठायची गोळी बंद करा. रक्त थांबून तीन आठवडे झाले, तिचं काम कधीच संपलंय. ज्या दवाखान्यात स्प्रिंग बसवली तिथे फोन करा आणि सरळ सांगा: "तीन आठवडे दोन्ही गोळ्या घेतलेल्या नाहीत, शिवाय ही दुसरी गोळी चालू होती." पाकिटावरचं नाव वाचून दाखवा. कोणती गोळी कधी आणि कशी सुरू करायची ते त्यांनाच ठरवू द्या. पुडीतल्या राहिलेल्या गोळ्या एकदम देऊन मागची भरपाई करायला जाऊ नका. फोन लागला नाही तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन ईसीजी काढा आणि तिथल्या डॉक्टरांना हेच सांगा. छातीवर दाब, दरदरून घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, यांतलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. शुगरवाल्या माणसाला कधी कधी हृदयाचा झटका छातीत न दुखताच येतो. नुसता घाम आणि गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच दिसतं. तेव्हा 'पित्त झालं असेल' म्हणून वाट पाहू नका.

आता दोघा भावांच्या मतांकडे येऊ. दोघंही वडिलांच्या काळजीनंच बोलतायत, पण दोघांनी एक गोष्ट न तपासता धरून ठेवली आहे: रक्त जितकं लवकर आणि घट्ट गोठेल तितकी जखम लवकर भरेल. हा समज आपल्या भागात घराघरात आहे आणि तो पुरता खोटाही नाही, म्हणूनच तो सुटत नाही. रक्त थांबणं आणि जखम भरणं ही शरीराची दोन वेगळी कामं आहेत. पहिलं मिनिटांत उरकतं, दुसरं आठवडे चालतं. पहिल्या कामाला जे लागतं तेच दुसऱ्या कामात पुढे आडवं येऊ शकतं.

विळा लागला त्या क्षणी आधी रक्तवाहिनी आकसली. मग रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी कापल्या जागी येऊन चिकटल्या आणि एकमेकींना धरून त्यांनी तात्पुरती भेग बुजवली. त्यावर फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं विणलं गेलं. ही झाली गुठळी. ती रक्त अडवते, पण तेवढ्यावर थांबत नाही. त्या प्लेटलेट आपल्यासोबत वाढीचे निरोपही आणतात: इथे जखम आहे, पेशींनी इकडे यावं, नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात. हा निरोप इतका कामाचा आहे की त्यातलंच एक द्रव्य प्रयोगशाळेत तयार करून त्याचं मलम बनवलं गेलं आणि १९९७ साली अमेरिकेत मधुमेहाच्या पायाच्या जखमांसाठी ते मंजूर झालं. म्हणजे गुठळी हवीच. दाढ काढल्यावर डॉक्टर कापूस चावून धरायला लावतात आणि खळखळून चूळ भरू नका म्हणतात ते याचसाठी. तिथली गुठळी निघून गेली तर हाड उघडं पडतं, भयंकर ठणकतं आणि खड्डा भरायला वेळ लागतो.

पण गुठळी ही बांधकामाच्या परांचीसारखी असते. भिंत चढेपर्यंत ती लागते, मग उतरवावी लागते. शरीर प्लाझ्मिन नावाच्या द्रव्यानं फायब्रिनचे धागे हळूहळू विरघळवतं, तेव्हा नवी त्वचा कडेकडून आत सरकते. हे विरघळणंच झालं नाही तर काय होतं? १९९६ साली उंदरांवर याचे प्रयोग झाले. ज्या उंदरांच्या शरीरात प्लाझ्मिन तयारच होऊ शकत नव्हतं, त्यांच्या जखमा भरायला फार वेळ लागला. कडेच्या पेशींना फायब्रिनमधून वाट काढता येत नव्हती. त्याच उंदरांमधून फायब्रिनही काढून टाकलं तेव्हा जखमा पुन्हा नीट भरू लागल्या. म्हणजे गुठळी जागेवर तशीच अडकून राहणं हेच भरण्याच्या आड येत होतं.

आता मामांच्या गोळीकडे बघा. मेडिकलवर 'रक्त गोठायची' म्हणून मिळते ती गोळी बहुतेक वेळा ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची असते, कधी त्यात एथॅमसायलेट हे रक्त थांबवायचं दुसरं औषध मिसळलेलं असतं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड रक्त गोठवत नाही. झालेली गुठळी विरघळू नये एवढंच ते बघतं, म्हणजे प्लाझ्मिनचं काम अडवतं. औषध फार मोलाचं आहे. १९६२ साली जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्यानं ते शोधलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावानं बायका दगावतात, ते थांबवायचं हा उताकोबाईंचा ध्यास होता. २०१० साली ४० देशांतल्या २०,००० हून जास्त जखमींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि या स्वस्त औषधानं अपघातातले प्राण वाचतात हे सिद्ध झालं. पण त्याच अभ्यासातून दुसरीही गोष्ट कळली. हे औषध जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर उपयोग होतो. त्यानंतर दिलं तर फायदा राहत नाही, उलट नुकसान होऊ शकतं. ऑपरेशनच्या वेळी एखाद-दुसरा डोस देतात, अंगावरून जास्त जातं तेव्हा बायकांना पाळीच्या चार-पाच दिवसांपुरती देतात, त्यात गैर काही नाही. तीन आठवडे, दिवसातून तीनदा, हृदयात स्प्रिंग असलेल्या माणसाला, तेही चिठ्ठीशिवाय, हे मात्र अजिबात चालणार नाही. शिवाय हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं आणि जुन्या शुगरमध्ये मूत्रपिंड कमजोर झालेलं असू शकतं. तसं असेल तर औषध अंगात साठत जातं. मामांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) शेवटचं कधी तपासलं होतं, हे विचारून घ्या.

तुमचे मालक म्हणतात ती 'बरोबरी' यामुळेच होत नाही. हृदयाच्या गोळ्या प्लेटलेट चिकटण्यावर काम करतात, गोठायची गोळी गुठळी विरघळण्यावर. दोन्हींची जागा वेगळी आहे. एकीनं दुसरीचा हिशोब फिटत नाही, दोन्हींचे धोके तेवढे डोक्यावर बसतात.

दीरांच्या म्हणण्याला तर मामांच्या पायानंच उत्तर दिलंय. मामांच्या त्या दोन गोळ्या, म्हणजे बहुधा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, प्लेटलेटवर काम करतात, आणि एका प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं असतं. म्हणून गोळी बंद केल्यावर साधारण आठ-दहा दिवसांत तिचा परिणाम उतरतो. मामांनी गोळ्या सोडून तीन आठवडे झाले. म्हणजे गेले दहा-बारा दिवस त्यांचं रक्त मुळी 'पातळ' नाहीच, तरी जखम तिथल्या तिथे आहे. जखम न भरण्याचं कारण त्या गोळ्या असत्या तर एव्हाना फरक दिसायला हवा होता. या गोळ्यांमुळे रक्त थांबायला जास्त वेळ लागतो. कातडीखाली रक्त साचलं तर तेवढी अडचण होते. पण या गोळ्या चालू असलेल्या माणसांच्या जखमा भरतात, ऑपरेशनचे टाकेही भरतात. दीरांना हे शांतपणे सांगा. हार-जीत म्हणून सांगू नका, वडिलांच्या पायावर दिसतंय म्हणून सांगा.

मग जखम भरत का नाही? माझ्या मते या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: "मामांना दुखत नाही." तुम्हाला ते चांगलं लक्षण वाटलं. मला त्याचीच काळजी वाटते. तीन आठवड्यांची, पाणी येणारी जखम दाबल्यावर दुखायला हवी. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. पायात खडा टोचलेला कळत नाही, चप्पल कधी निसटली ते कळत नाही, आणि जखम आत सडत असली तरी माणूस 'बरं हाय' म्हणतो. मामांना विचारा, पाय जड वाटतो का, तळव्याला मुंग्या येतात का, गादीवर चालल्यासारखं वाटतं का.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. मामांना विचारा: चालताना पोटरी भरून येते का, आणि थोडं थांबलं की मोकळी होते का? शेतापर्यंत जाताना मध्ये बांधावर बसावं लागतं का? हृदयाच्या रक्तवाहिन्या ज्या आजारानं अरुंद होतात, त्याच आजारानं पायाच्याही होतात. शुगर आणि तंबाखू असेल तर जास्तच. घोट्याच्या वरची नडगी ही शरीरातली अशी जागा आहे जिथे कातडीखाली लगेच हाड आहे, मांस जवळपास नाही. तिथे आधीच रक्त बेताचं पोचतं. वरून वाट अरुंद झाली असेल तर जखमेला खायलाच मिळत नाही. नवं मांस भरायला प्राणवायू लागतो, साखर लागते, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी लागतात; हे सगळं रक्तातूनच येतं. जखमेपर्यंत रक्त पोचत नसताना आपण घरात ते आणखी गोठवायच्या मागे लागलो आहोत. रक्त पातळ ठेवायच्या त्या गोळ्या पायाच्या अरुंद वाहिन्यांनाही उपयोगीच असतात.

याची तपासणी अवघड नाही. डॉक्टर पायाच्या पंज्यावर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला बोटांनी नाडी बघतात. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून त्यांचं प्रमाण काढतात. गरज वाटली तर वाहिन्यांतून रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी करतात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीला जा आणि केसपेपर काढतानाच सांगा की शुगर आहे, हृदयात स्प्रिंग आहे आणि पायाची जखम तीन आठवडे भरत नाही. हे एक वाक्य सांगितलं की पुढचे डॉक्टर पायाची नाडी बघितल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाहीत.

आता जखमेत काय काय गेलं ते बोलू. तंबाखू-चुना आपल्याकडे बंडीच्या खिशातच असतो, म्हणून तो आधी हाताशी येतो. चुन्यात कॅल्शियम असतं आणि रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, म्हणून चुना चांगला, असं शिकलेली माणसंही सांगतात. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं हे खरं, पण ते रक्तात आधीच पुरेसं असतं. वरून लावलेला चुना तीव्र अल्कली आहे, तो मांस भाजतो. भाजलेल्या मांसाचा थर घट्ट होऊन रक्त अडतं आणि आपल्याला वाटतं काम झालं. तो मेलेला थर पुढे खपलीखाली राहतो आणि तिथेच जंतू वाढतात. मामांची काळी टणक खपली ही बऱ्याच अंशी त्याचीच असावी. तंबाखूतलं निकोटिन वाहिन्या आकसवतं. तुरटीचं तत्त्व थोडं सौम्य. ती प्रथिनं थिजवते, म्हणून न्हावी दाढीच्या खरचटलेल्या जागेवर फिरवतात. तेवढ्यापुरती ठीक, खोल जखमेत नाही. हळदीबद्दल घरात भांडू नका. खरचटलं तर तिनं फार बिघडत नाही. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि उघड्या जखमेत भरलेली पूड आतच राहते, डॉक्टरांना जखमेचा तळ दिसत नाही. शेणामातीच्या जागी झालेली जखम, त्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. घेतलं नसेल तर तेही उद्याच. तोंड उघडायला अडचण, मान आखडणं, असं काही दिसलं तर तासभरही थांबू नका.

हल्ली रक्त थांबवायच्या पावडरी आणि पट्ट्या ऑनलाइन मिळतात आणि ऊसतोडीच्या टोळीतले मुकादमही त्याबद्दल विचारू लागलेत, म्हणून त्यांचंही सांगतो. काहींत केओलिन म्हणजे पांढरी चिकणमाती असते, ती रक्त गोठायची साखळी लवकर सुरू करून देते. काहींत कायटोसान असतं, कोळंबीच्या कवचापासून बनलेलं. सैन्यात सुरुवातीला आलेल्या झिओलाइट या खनिजाच्या पावडरी रक्तातलं पाणी शोषताना इतक्या तापायच्या की कातडी भाजायची. म्हणून पुढे केओलिनच्या पट्ट्या आल्या. कडबा-कुट्टीत हात गेला, ऊस तोडताना कोयता मांडीत घुसला, रक्त चिळकांड्या उडवतंय, अशा वेळी या पट्ट्या दाबून धरल्या तर जीव वाचवू शकतात. पण त्या दवाखान्यात काढायच्याच असतात, कशाचा तुकडा आत राहता कामा नये. साध्या कापल्यावर त्यांची गरज नाही.

साध्या कापल्यावर सगळ्यात भरवशाची गोष्ट अजूनही स्वच्छ कापड आणि तळहाताचा दाब हीच आहे. पाय उंच ठेवा, कापडाची घडी जखमेवर ठेवा आणि घड्याळ लावून दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर वीस मिनिटं. चूक होते ती एकच: दर मिनिटाला कापड उचलून 'थांबलं का' बघितलं जातं आणि नुकती धरलेली गुठळी निघून येते. कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा, खालचं काढू नका. मामांच्या वेळी बांधावर एवढं झालं असतं तर तंबाखूचा प्रश्नच आला नसता. पुढच्या सुगीला शेतात जाताना भाकरीच्या फडक्याबरोबर एक धुतलेलं, वाळवलेलं सुती कापड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्या.

आताच्या खपलीला घरी हात लावू नका. ओढून काढू नका, कापू नका, हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. मेलेला थर डॉक्टर काढतील, आणि पायाचा रक्तपुरवठा बघूनच काढतील. पुरवठा कमी असेल तर आधी तो सुधारावा लागतो. त्यानंतर सलाइननं धुऊन ड्रेसिंग सुरू होईल, तेव्हा घरातली माणसं म्हणतील, "जखमेला वारा लागू द्या, वाळू द्या." १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकानं डुकरांच्या जखमांवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी उघड्यावर वाळू दिलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगानं चढते. वाळलेल्या टणक खपलीखाली पेशींना वाट शोधत खोलवर जावं लागतं. ओलसर म्हणजे पाणी गळणारी नव्हे. किती ओल हवी ते ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला विचारा, त्यांचा हात आणि डोळा या बाबतीत फार अनुभवी असतो.

तुमच्या सासूबाईंनी वरण, अंडी, आंबट आणि वांगं बंद केलंय, जखम चिघळेल म्हणून. त्यांचा हेतू समजतो, पण मामा सध्या भाकरी आणि चटणीवर आहेत आणि नवं मांस प्रथिनांनीच बनतं. वरण, मटकीची उसळ, दही, अंडी, घरात चालत असेल तर मासे-मटण, हे द्या. आवळा, लिंबू, पेरू यांतलं क जीवनसत्त्व जखमेची वीण घट्ट करायला लागतं. आंबट खाल्ल्यानं पू होत नाही. पू जंतूंनी होतो आणि वाढलेल्या शुगरनं वाढतो, तेव्हा पथ्य करायचंच असेल तर चहातल्या साखरेचं आणि सारखं तोंडात असणाऱ्या तंबाखूचं करा. एचबीए१सी तपासून घ्या. मागच्या तीन महिन्यांची शुगर कशी होती ते त्यातून कळतं.

तुमच्यासारखी पत्रं बरीच येतात, म्हणून इतरांसाठी थोडं. घरात कुणाला वॉरफरिन किंवा एसेनोकुमारॉल या रक्त पातळ करायच्या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं गणित वेगळं आहे: त्यांना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघावा लागतो आणि पालेभाज्या एकदम वाढवायच्या वा बंद करायच्या नसतात, रोज साधारण सारख्या ठेवायच्या, कारण त्यांतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलवाल्यांनी मेथी-पालक निर्धास्त खावं. घोणस किंवा फुरसं चावल्यावर रक्त थांबत नाही, ते विषानं रक्तातली गोठायची द्रव्यं खर्ची पाडल्यामुळे. तिथे मेडिकलवरची कुठलीही गोळी कामाची नाही, सर्पविषाची लस असलेला सरकारी दवाखाना गाठा. आणि एखाद्या मुलाची नाळ पडल्यावर बरेच दिवस रक्त येत राहिलं असेल, जखम बंद झाल्यासारखी होऊन पुन्हा पुन्हा फुटत असेल, तर फॅक्टर तेरा या रक्तातल्या द्रव्याची तपासणी करून घ्या. या द्रव्याच्या कमतरतेत गुठळी वेळेवर धरते पण कच्ची राहते, आणि रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या मात्र नॉर्मल येतात. हा आजार आई आणि वडील दोघांकडून येतो. आपल्याकडे मामाची, आत्याची मुलगी करायची रीत आहे, म्हणून अशा घरात हा प्रश्न मुद्दाम विचारावा.

आता मामांशी कसं बोलायचं ते. मला वाटतं, त्यांनी गोळ्या हट्टानं सोडलेल्या नाहीत. त्या दिवशी बांधावर रक्त थांबत नव्हतं ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. त्या गोळ्यांमुळेच हे झालं असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि पोरांना सांगितलं तर पोरं ओरडतील, पुन्हा दवाखाना, पुन्हा खर्च. कारभार पाहिलेल्या माणसाला घाबरलो म्हणायला जड जातं. त्यामुळे त्यांना पकडून दिलं असं वाटू देऊ नका. आधी त्यांच्याकडेच जा. चहा द्यायला गेल्यावर पुडी त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, "मामा, मी शब्द दिला होता, पण आता मला भीती वाटायलीय. तुम्हीच ह्यांना सांगा, मी शेजारी बसते. तुम्ही नाही सांगितलं तर रात्री मला सांगावं लागंल." बहुतेक माणसं इथवर आल्यावर स्वतःच सांगतात, कारण लपवायचं ओझं त्यांनाही झालेलं असतं. नाही म्हणाले, तरी रात्री मालकांना सांगा. दीरही तिथे असू द्या, म्हणजे एकानं दुसऱ्याला ऐकवायचा प्रसंग येणार नाही. पुडी आणि गोठायच्या गोळीचं पाकीट दोन्ही समोर ठेवा.

खर्चाचं कारण निघालं तर जनऔषधी केंद्रात याच गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. जुनी चिठ्ठी दाखवून नावं जुळवून घ्या. तुम्ही सून आहात म्हणून घरातल्या औषधांवर बोलायचा तुम्हाला अधिकार नाही असं पत्रात एका ठिकाणी लिहिलंय. रोज मामांच्या पायाची पट्टी तुम्हीच बदलता, पिवळं पाणी तुम्हीच बघितलं, पुडीही तुम्हालाच सापडली. डॉक्टरांकडे जाताना मालकांबरोबर तुम्हीही जा. जखम पहिल्या दिवसापासून कशी बदलत गेली हे त्यांना तुमच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकणार नाही. मोबाइलमध्ये जखमेचे जुने फोटो असतील तर तारखेनुसार दाखवा. आणि जाण्याआधीच नडगी लाल होऊन वर चढू लागली, वास आला, ताप भरला किंवा पायाचं बोट काळं-निळं पडलं, तर ओपीडीच्या वाराची वाट न बघता त्याच रात्री अपघात विभागात न्या.

नाडीच्या तपासणीत काय निघालं ते जरूर कळवा. रिपोर्टचा फोटो पाठवलात तर पुढचं पत्र त्यावरूनच लिहीन.